वाचकांचे प्रश्न : धाब्याच्या घरात पाहुणे उतरवताना

प्रश्न : जामनेर तालुक्यात आमचं आजोबांच्या काळचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर आहे. अजिंठा पाहायला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या निवास-न्याहारीला द्यायच्या आहेत. धाबं पावसाळ्यात गळतं. वरून सिमेंटचा कोबा करावा का? आणि संडास-बाथरूम खोलीतच काढलं तर?

उत्तर : कोबा नको. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन इंच कोबा म्हणजे सुमारे 1300 किलो जादा वजन, तेही छत पेलणाऱ्या जुन्या लाकडी कड्यांवर. खालची माती ओलीने फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे कोब्याला केसासारखे तडे जातात. पाणी आत शिरतं, पण वाळायला वाटच उरत नाही. कड्या खालून ठणठणीत दिसतात आणि आतून कुजतात. कडी भिंतीत शिरते तिथे सुरीचं टोक दाबून पाहा. अर्धा इंच सहज गेलं तर ती आधी बदला.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की धाब्यावरचं गवत मुळासकट उपटा. उंदरांची बिळं उकरून, भुसा घालून आठवडाभर कुजवलेल्या चिखलाने ठासून भरा. वाळलं की खारी माती तीन-चार बोटं पसरून चोपा. पावसात तिचे बारीक कण सुटून भेगा बुजवतात, आणि गवतही तिच्यात सहसा धरत नाही. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून टाकू नका, ती उन्हात भेगाळते. ढाळ पन्हाळीकडे, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे, हवा. उंच कडेला घागरभर पाणी ओता. जिथे थबकेल तिथे आणखी माती. पन्हाळ भिंतीबाहेर हातभर तरी काढा, नाहीतर तीच भिंत खाईल.

बाथरूम खोलीत नकोच. मातीची भिंत ओल ओढते, मागोमाग वाळवी येते. परसात चार फूट सोडून बांधा, वाटेवर पत्र्याची पडवी टाका. शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, काळ्या मातीत पाणी मुरत नाही. विहिरीपासून 15 मीटर तरी दूर ठेवा.

प्रश्न : न्याहारीला काय द्यावं?

उत्तर : पोहे त्यांना कुठेही मिळतात. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेल्या कळण्याची भाकरी द्या. ठेचा मात्र वेगळ्या वाटीत, पानावर वाढायचा नाही. वांग्याचं भरीत हिवाळ्यातच. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे खोली ठरवतानाच सांगा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते (पूर्वीचा फॉर्म सी); पासपोर्ट आणि व्हिसा आल्याआल्याच मागून घ्या.