वाचकांचे प्रश्न : निबंधासाठी कोणता विषय घ्यावा?

प्रश्न : येथील वकिलांच्या एका संघटनेने कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासावर विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा ठेवली आहे. माझ्या मुलीने नेमके कशावर लिहावे?
— एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गुलामगिरीपासून ओबामांपर्यंतचा सारा पट एका निबंधात कोंबू नये. स्पर्धा वकिलांची आहे, तेव्हा न्यायालयीन लढाच घ्यावा. कायद्याचे कृष्णवर्णीय प्राध्यापक चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाताखाली हॉवर्ड विद्यापीठात घडलेले वकील थर्गूड मार्शल यांनी वर्णानुसार वेगळ्या ठेवलेल्या शाळांविरुद्ध युक्तिवाद केला, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी एकमताने घटनाबाह्य ठरवली. १९६७ मध्ये मार्शल त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीय वकिलांना १९२५ मध्ये स्वतःची नॅशनल बार असोसिएशन स्थापावी लागली, हा तपशील (परीक्षक वकीलच असतील, तर विशेषच) वगळू नये.

नागपूरकर मुलीला आणखी एक दुवा जवळचा वाटेल : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. मात्र तेवढ्यावरून जातिभेद आणि वर्णभेद एकच, असे सरसकट विधान तिने करू नये.