रिकामा डबा कसा देऊ?

‘एवढं केलं त्यांनी, मी कसं फेडू?’ माझ्याकडे मन मोकळं करायला खेड्यातून येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंची गोष्ट, ओळख बदलून, सांगते.

नवरा दवाखान्यात असताना शेजारच्या काकूंनी १८ दिवस त्यांची पोरं सांभाळली, रोज डबा दिला. पैसे घेतले नाहीत, लुगडंही परत केलं. तेव्हापासून ताई मागच्या दारानं ये-जा करायच्या.

“त्यांचा डबा कुठे आहे?” मी विचारलं.

“घरीच हाय जी. रिकामा कसा देऊ?”

“काकूंना आवडतं काय?”

“चहासंगं पाव. अन् कलमीचा वास.” कलमी म्हणजे दालचिनी.

आधीच्या तीन भेटी उपकाराच्या ओझ्यावर बोलण्यात गेल्या होत्या. चौथीत आम्ही फक्त पावावर बोललो. मन हलकं झालं की हात चालतील, असं सगळे समजतात. मी उलटं मानते, आधी हात चालले की मन हलकं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरलं आहे.

२५० ग्रॅम मैदा, सपाट चमचाभर इन्स्टंट यीस्ट, पाऊण चमचा मीठ, दोन चमचे साखर, १६० मिली दूध-पाणी, शेवटी २५ ग्रॅम तूप. दहा-बारा मिनिटं मळायचं. मे महिन्यात कोमट पाणी नकोच, माठातलं घ्यावं. नाहीतर पीठ झपाट्यानं फुगून आंबूस होतं. दुप्पट झालं की लाटायचं, ४० ग्रॅम साखर आणि दोन चमचे कलमी पूड भुरभुरून घट्ट गुंडाळी करायची, डब्यात पुन्हा फुगू द्यायची. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाला मीठ, वर जाळी. दहा मिनिटं तापवून डबा जाळीवर ठेवायचा, झाकण लावून मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. तळ ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाला. तासभर थंड होऊ द्यावा, मगच कापावा.

पहिला पाव दगड झाला. ताईंनी वास यावा म्हणून कलमी पिठातच मळली होती, तीही मूठभर. कलमीतलं तेल यीस्टला दाबतं, म्हणून ती गुंडाळीतच राहू द्यावी. दुसरा फुगला, पण कापला तर आत पोकळी. गुंडाळीचे पदर सुटलेले.

“असा कसा नेऊ? लाज वाटते.”

“काकूंच्या डब्यातली भाजी कधी खारट झाली होती?”

त्या हसल्या. “दोनदा.”

“मग परत पाठवली?”

“नाही जी. खाल्ली आम्ही.”

मग बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. त्यांना आतापर्यंत हिशेब चुकता करायचा होता, आणि चुकता झालेला हिशेब संपतो. खारट भाजी मुकाट खाणाऱ्या माणसाला शेजारपण कळलेलं असतं. ते फक्त त्याच्या लक्षात आणून द्यावं लागतं. त्या दिवशी मला तो प्रश्न सुचला, याचं समाधान आहे.

तुम्हालाही असं द्यायचं असेल तर महाग वस्तू शोधू नका. ती घेणाऱ्यावर नवं ओझं टाकते. चहाच्या वेळी जा. भाषण नको, पण ‘थँक्यू’वरही भागवू नका, त्यांनी नेमकं काय केलं, ते एका वाक्यात सांगा. घरात कुणाला शुगर असेल तर आधी विचारा.

ताई समोरच्या दारानं गेल्या. म्हणाल्या, “तुम्ही होत्या म्हणून पोरं रडली नाहीत.”

आठवड्यानं डबा सरगुंडे भरून परत आला. पाव मधे पोकळ काहून झाला, हेही काकूंनी विचारलं. ताईंनी सांगितलं, गुंडाळीआधी आतून तूप लावलं होतं, त्यानं पदर चिकटत नाहीत. पुढच्या वेळी दुधाचा हात फिरवू.