प्रवेशाच्या खिडकीवर नियम हाताशी हवा

प्रश्न : आमची संस्था मुलुंड येथे एकाच इमारतीत मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आणि इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित प्राथमिक शाळा चालवते. दोन्ही शाळांचे कार्यालय एकच आहे. आमचे मुख्य लिपिक नुकतेच सेवानिवृत्त झाले. त्यांच्या फायलींमध्ये शासन निर्णय, परिपत्रके, तपासणी अहवाल आणि पालकांचे अर्ज तारखेच्या क्रमाने एकत्र लावलेले आहेत. नवी परिपत्रके व्हॉट्सॲपवर येतात आणि तिथेच राहतात. पालक समोर उभे असताना नेमका आदेश सापडत नाही आणि तपासणीच्या दिवशीही तीच धावपळ होते. ही मांडणी कशी करावी?
— एक मुख्याध्यापिका, मुलुंड

उत्तर : तारखेचा क्रम आवक-जावक नोंदवहीसाठी योग्य आहे, संदर्भासाठी नाही. शासकीय कार्यालयांत कागद सहा प्रकारांत वेगळे ठेवण्याच्या ‘सहा गठ्ठे’ पद्धतीत ‘स्थायी आदेश संचिका’, म्हणजे कायम लागणाऱ्या आदेशांची फाईल, हा स्वतंत्र गठ्ठा असतो आणि नेमकी तीच आपल्याकडे नाही, असे आपल्या पत्रावरून दिसते. आदेश आधी पत्रव्यवहारातून वेगळे काढा आणि विषयवार लावा : प्रवेशाचे वय, वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, पंचवीस टक्के प्रवेश (शिक्षण हक्क कायद्यानुसार वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव जागा), शुल्क, मान्यता, विद्यार्थ्यांची सुरक्षितता. विषयांची नावे पालक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत ठेवावीत. ‘संकीर्ण’ नावाची फाईल मात्र उघडूच नये, कारण वर्षभरात सगळे तिच्यातच जाऊन पडते.

यापुढचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते लिपिकावर न सोडता आपण स्वतः करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणताही शासन निर्णय हातात घेतला की प्रस्तावनेच्या आधी ‘वाचा’ असा मथळा असतो आणि त्याखाली आधीचे निर्णय क्रमांक व दिनांकासह दिलेले असतात. पुष्कळ जण तो भाग सोडून थेट शेवटच्या परिच्छेदाकडे जातात. परंतु हा आदेश कोणत्या आदेशाच्या जागी आला, कोणत्या आदेशात केवळ दुरुस्ती करतो आणि कोणता तसाच चालू ठेवतो, याचा माग तिथूनच लागतो. त्या यादीतील प्रत्येक आदेश आपल्या संचिकेत आहे का, हे पाहा. नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. आदेशाच्या अखेरीस छापलेला संकेतांक टाकून शोधल्यास मूळ प्रत मिळते. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत ही आदेश निघाल्याची सूचना समजावी. तिच्या आधारे पालकाला नकार देऊ नये.

त्यानंतर प्रत्येक आदेशाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा : आज तो लागू आहे, दुरुस्त झाला आहे की रद्द झाला आहे, तो आपल्या दोनांपैकी कोणत्या शाळेला लागू आहे, आणि ही खात्री कोणी, कोणत्या तारखेला केली. तीन ओळींचे हे काम किती मोलाचे आहे, याचे अलीकडचे उदाहरण आपल्याला माहीत असेलच. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी तिला स्थगिती दिली आणि 19 जुलै रोजी ती रद्द ठरवली. ज्या शाळेच्या फाईलमध्ये फक्त फेब्रुवारीची अधिसूचना लावलेली आहे, तिथला नवा लिपिक आजही तोच कागद दाखवून एखाद्या आईला परत पाठवू शकेल. त्या मुलाचे वर्ष वाया गेले तर ते कोणत्याही खुलाशाने भरून निघत नाही.

रद्द झालेले आदेश फाडून टाकू नका. एखाद्या जुन्या प्रवेशाबद्दल वर्षांनंतर विचारणा झाली, तर त्या दिवशी कोणता नियम लागू होता हेच दाखवावे लागते. ते त्याच विषयाच्या मागच्या भागात, ‘रद्द’ असा शेरा व दिनांक टाकून ठेवावेत.

दोन शाळांमधला फरक आपल्या बाबतीत विशेष जपायला हवा. 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमातील कलम 13 आणि 14 दोन्ही शाळांना सारखेच लागू आहे : देणगी घ्यायची नाही, बालकाची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घ्यायची नाही आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम 5 मधील शाळा बदलण्याचा हक्क मात्र अनुदानित शाळेत प्रवेश मागताना मिळतो, विनाअनुदानित शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणून आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला या कारणावरून आपल्या मराठी शाळेला प्रवेश रोखता येत नाही. ही दोन-तीन कलमे मोठ्या अक्षरांत छापून खिडकीच्या आतल्या बाजूला लावावीत. खिडकीवर बसणाऱ्या व्यक्तीला ती दिसत राहणे हे मला तपासणीपेक्षाही अधिक गरजेचे वाटते.

मुदतीची कामे संचिकेत न ठेवता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावीत. अग्निसुरक्षेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. 2011 च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो आणि शुल्काचा प्रस्ताव पुढील वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी त्या संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. प्राथमिकसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग आणि माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक, अशी दोन दारे मुंबईत असल्याने प्रत्येक नोंदीपुढे कागद कुठे द्यायचा तेही लिहावे.

राहिले जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची मूळ नोंदवही. ते या मांडणीत मिसळूच नये. ते कायमस्वरूपी अभिलेख आहे आणि माजी विद्यार्थ्याची जन्मतारीख किंवा जातीची नोंद कित्येकदा केवळ त्याच्याच आधारे सिद्ध होते. त्यातील नाव, जन्मतारीख वा जात सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीशिवाय बदलू नये आणि बदललीच तर मंजुरीचा क्रमांक त्याच ओळीसमोर शेऱ्यात यावा. ते लोखंडी कपाटात, वरच्या मजल्यावर ठेवा. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत तळमजल्याची कपाटे किती भरवशाची असतात, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : प्रवेश अर्जासोबत पालकांकडून आधार कार्डाची प्रत घेणे बंधनकारक आहे का? आमच्याकडे अशा प्रतींचे गठ्ठे साचले आहेत.
— एक कनिष्ठ लिपिक, लालबाग

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करताना, आधार-वैध पटसंख्या पाहिली जात असल्याने कार्यालयावर दडपण येते, हे मी जाणतो. तरीही ती गरज शाळेची आहे आणि तिच्यासाठी मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही. अर्जावर ‘आधार क्रमांक, असल्यास’ असे छापावे. जन्मदाखला मूळ पाहून ‘मूळ प्रत पाहिली’ असा शेरा, सही व दिनांक टाकून पालकांना लगेच परत करावा. आधारची प्रत पालकांनी स्वेच्छेने दिलीच, तर शेवटचे चार अंक तेवढे दिसतील अशी घ्यावी आणि ती मुलाच्या वैयक्तिक फाईलमध्ये कुलपाखाली ठेवावी. साचलेले गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. कोणत्या प्रती खरोखर लागतात हे मुख्याध्यापकांकडून लेखी ठरवून घ्या आणि उरलेल्या त्यांच्या समोर यंत्रात बारीक कापून टाका.