फॅमीट्रॅकरमध्ये ढोल-ताशा कसा वाजवायचा

भाऊ, नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर फॅमीट्रॅकरमध्ये, म्हणजे जुन्या फॅमिकॉम गेमयंत्राच्या ध्वनिचिपसाठी संगीत रचायच्या प्रोग्रॅममध्ये, चिपट्यून (अशा चिपच्या आवाजातलं संगीत) करायची कल्पना झकास आहे. तुमची अडचण अशी, की ढोल आणि ताशा दोन्ही नुसते ‘टूं-खस्स’ वाजतात, आणि चालीला लहानपणी बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) आणलेल्या टीव्ही गेमची चव येत नाही. त्यासाठी नवे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) शोधत फिरू नका. या चिपवर वाद्याची ओळख पहिल्या पाच-सात टिकमध्येच ठरते; टिक म्हणजे आवाज बदलायचं सर्वात लहान पाऊल. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) सेटिंगला सेकंदाला ६० टिक, म्हणजे एक टिक जेमतेम १७ मिलिसेकंदांचा. काठी पानावर पडली की बोट तारेवर, हे कान तेवढ्यातच ओळखतो.

आधी ढोल. तो ट्रँगलवर, म्हणजे चिपच्या त्रिकोणी लहरीच्या चॅनेलवर, घ्या. या चॅनेलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, चालू किंवा बंद एवढंच. त्यामुळे ठोका सुरातूनच काढावा लागतो. आर्पेजिओ सीक्वेन्समध्ये (टिकगणिक सूर किती वर, ते सांगणाऱ्या आकड्यांच्या ओळीत) १२ ७ ४ २ ० भरा आणि व्हॉल्यूममध्ये सात वेळा १५ देऊन शेवटी ०. तो शेवटचा ० विसरलात तर ढोलाचा तंबोरा होतो. नोट खालची हवी, पण लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येईल इतपतच खालची. दुसऱ्या पानासाठी हाच इन्स्ट्रुमेंट कॉपी करून दोन टिक आखूड करा आणि पॅटर्नमध्ये वरच्या नोटवर वाजवा.

खरी मजा ताशात आहे. बहुतेक जण नॉइजवर (खरखरीच्या चॅनेलवर) व्हॉल्यूमला १५ १० ६ ३ ० असा सरळ उतार देतात; त्याचा स्नेअर (पाश्चात्त्य ड्रमसेटमधला ड्रम) होतो, ताशा नाही. ताशाला दोन काड्या असतात, मग दुसरी काडी इन्स्ट्रुमेंटमध्येच बसवा: १५ ८ ३ ११ ५ २ ०. मधला ११ म्हणजे मागून आलेली काडी. ड्यूटीच्या रकान्यात पहिल्या टिकला १ आणि पुढे सगळीकडे ०. नॉइजच्या बाबतीत १ म्हणजे आखूड, धातूसारखा खणखणणारा मोड. एका टिकपुरता तो आला की तर्रीचा ठसका लागतो, कायम ठेवला तर डबा वाजवल्यासारखं वाटतं. दुसरी काडी एक टिक उशिरा पडणारी अजून एक प्रत करा आणि दोन्ही आलटून-पालटून वापरा. एकच ताशा सोळा वेळा डकवला की मिरवणूक तिथेच मेली.

आता टीव्ही गेमची चव. तिथे तुमचा कान बरोबर आहे. मूळ फॅमिकॉमच्या चिपवर पल्सच्या (चौकोनी लहरीच्या चॅनेलच्या) ड्यूटी, म्हणजे लहर वर राहण्याचं प्रमाण, १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के; फॅमीट्रॅकरमध्ये अनुक्रमे ०, १, २, ३. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांसारख्या बऱ्याच क्लोन चिपमध्ये २५ आणि ५० यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून तोच गेम घरी वेगळा वाजायचा. तुम्ही इन्स्ट्रुमेंटमध्ये १ च्या जागी २ आणि २ च्या जागी १ टाकून बघा. ७५ च्या नादी लागू नका, एकटा वाजताना तो २५ सारखाच ऐकू येतो.

चालीला थरथर द्यायची तर पिच सीक्वेन्समध्ये आधी दहा-बारा शून्य, मग १ १ -१ -१ -१ -१ १ १ हा लूप. इथले आकडे प्रत्येक टिकला साचत जातात, त्यामुळे लूपची बेरीज शून्यच यायला हवी; नाहीतर लांब सूर हळूहळू बेसूर होत जातो आणि माणूस ट्युनिंगला दोष देत बसतो.

खऱ्या ढोलाचं रेकॉर्डिंग डीपीसीएममध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या चॅनेलमध्ये) घालायचा मोह होईलच. एक सॅम्पल जास्तीत जास्त ४०८१ बाइटचं, म्हणजे सर्वात वरच्या दराने सेकंदभरही नाही. शिवाय डीपीसीएमची पातळी वर राहिली की ट्रँगल आणि नॉइज दबतात, म्हणजे नेमका आत्ता घडवलेला ढोल-ताशाच बसतो. मी ते चॅनेल ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळीसाठी राखून ठेवलं असतं.