दिनू लिपाती या पियानिस्टच्या रेकॉर्डिंग्ज इतक्या कमी का? सुरुवात कुठून करू?

सरळ कारण म्हणजे माणूस जगलाच जेमतेम ३३ वर्षं. १९१७ ला बुखारेस्टमध्ये जन्म, १९५० ला जिनिव्हात मृत्यू, हॉजकिन्सचा आजार (एक प्रकारचा कॅन्सर). तरुणपणी व्हिएन्नाच्या स्पर्धेत याला दुसरा नंबर दिला म्हणून नामवंत फ्रेंच पियानिस्ट आल्फ्रेड कोर्तोने चिडून परीक्षकपदच सोडलं, यावरून काय ते समजा.

१९५० च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन या औषधामुळे जरा तरतरी आली तेव्हा जिनिव्हातच शोपँचे वॉल्ट्झ (नृत्याच्या तालातल्या छोट्या रचना), बाखची पहिली पार्टिटा (नृत्यरचनांची मालिका) वगैरे रेकॉर्ड करून घेतलं, तिथूनच सुरू करा. मग सप्टेंबरमधला फ्रान्समधल्या बेझाँसाँचा लाइव्ह कार्यक्रम. पार्टिटाच्या आधी तो पट्ट्यांवरून नुसती बोटं फिरवतो ना, ते पण टेपवर आहे, मला ते फार आवडतं. १४ वॉल्ट्झ ठरले होते, १३ झाले आणि मग अंगात त्राणच उरलं नाही.

कॉन्चेर्टोमध्ये (म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबरच्या पियानो रचनांत) शूमानचा, कंडक्टर कारायानबरोबरचा, १९४८ चा, डोळे झाकून घ्या. फक्त शोपँचा ई मायनर कॉन्चेर्टो घेताना बघून घ्या, कारण त्याच्या नावावर वर्षानुवर्षं खपलेली एक एलपी चक्क पोलिश पियानिस्ट हलिना चेर्नी-स्टेफान्स्काची निघाली (१९८१ मध्ये भांडं फुटलं!). खरा तो झुरिकचा, फेब्रुवारी १९५० चा, आवाज खरखरीत आहे पण तोच.