प्रश्न तुमचे : ओढ्यापलीकडचा आसरा

प्रश्न : काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ग्रीसच्या यादवी युद्धाबद्दल (१९४६–४९) आमच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे : 'टिटोने युगोस्लाव्हियाची सरहद्द बंद केली आणि कम्युनिस्ट बंडखोर हरले.' तीन वर्षं सैन्याला दाद न देणारी माणसं नुसती सरहद्द बंद झाल्यानं कशी संपली?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोरी, माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. हद्द म्हटलं की मला आधी आमच्या आजीचा ओढा आठवतो, त्यामुळं ग्रीसला जरा वळसा घालून जाऊ.

आजीचं गाव तुळजापूर तालुक्यात, म्हणजे तेव्हा निजामाच्या मुलखात. १९४८ साली रझाकारांच्या भीतीनं ती एक गाठोडं आणि दोन पोरं घेऊन रात्रीच्या रात्री सोलापूरकडं निघाली. 'ओढा ओलांडला आन् मग रडले,' असं सांगायची. पुढं मोजणीच्या निमित्तानं तो ओढा मी पाहिला. साखळी धरणारा आमचा माणूस चप्पल न भिजवता एका ढांगेत पलीकडं गेला! अडवणारं त्यात काहीच नव्हतं. पण सोलापूरकडच्या काठावर दुसरं सरकार होतं, त्याचं पोलीस ठाणं होतं.

लढणाऱ्यांनाही तोच आसरा. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सोलापूर-बार्शीच्या बाजूला सरहद्द कॅम्प काढले होते. रात्री निजामाच्या हद्दीत शिरायचं, करोडगिरी (जकात) नाक्यावर हल्ला करायचा आणि उजाडायच्या आत माघारी. निजाम सरकार तक्रारी करून थकलं. उलटा प्रकारही होता. बार्शी रस्त्यावरचं नान्नज आज माळढोकासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. ते गाव तेव्हा चारी बाजूंनी भारतीय मुलूख असलेलं निजामाचं बेट होतं. जुलै १९४८ मध्ये तिथं भारतीय लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा लष्करानं गावच ताब्यात घेतलं. सप्टेंबरात फौजा सोलापुरातून नळदुर्गाकडं निघाल्या, त्याच्या दोन महिने आधीची ही गोष्ट.

आता ग्रीस. बंडखोरांचे बालेकिल्ले दोन : ग्रामोस आणि वित्सी. दोन्ही डोंगर वायव्य कोपऱ्यात, अल्बेनिया आणि युगोस्लाव्हियाला पाठ लावून. समोर सैन्य, मागं मोकळं दार. जखमी पलीकडं जायचे, तिकडून हत्यारं आणि रसद यायची. युगोस्लाव्हियात बुल्केस नावाचं गावच्या गाव ग्रीक कम्युनिस्टांचं झालं होतं. संयुक्त राष्ट्रांनी पाहणीला समिती नेमली, पण अल्बेनिया, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया या उत्तरेच्या तिन्ही शेजाऱ्यांनी तिला आपल्या बाजूला पाऊल टाकू दिलं नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात सैन्यानं ग्रामोसला वेढा घातला, महिने घालवले. शेवटी बंडखोर निसटले आणि वित्सीला पुन्हा उभे राहिले.

त्या दाराची कडी मात्र पलीकडून होती. जून १९४८ मध्ये स्टालिननं युगोस्लाव्हियाच्या टिटोला कॉमिनफॉर्ममधून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून काढलं. ग्रीक पक्षाचा प्रमुख झाखारियादिस स्टालिनच्या बाजूला गेला. ज्याच्या अंगणात आपले जखमी निजलेत त्याच्याशीच वैर! मला विचारशील तर खरी चूक ही. टिटोनं कडी एकदम लावली नाही, मदत आटवत नेली आणि जुलै १९४९ मध्ये सरहद्द बंद केली.

तरी तुझी नोट्समधली ओळ अर्धीच. मार्कोस वाफियादिस हा त्यांचा सेनापती लहान टोळ्यांनी लढायच्या मताचा होता. त्याला बाजूला सारून झाखारियादिसनं डोंगरावर ठाण मांडून, नेहमीच्या फौजेसारखी लढाई करायचं ठरवलं. समोर सरकारच्या बाजूला पापागोससारखा सेनापती, अमेरिकेचा पैसा, विमानं, नापामचे आगबॉम्ब. शिवाय सरकारनं डोंगरातली गावंच उठवली होती. भाकरी कोण देणार आणि नवा पोरगा भरतीला कुठून येणार? १० ऑगस्ट १९४९ ला वित्सीवर हल्ला झाला, आठवड्याभरात ते पडलं. महिनाअखेर ग्रामोसही.

म्हणून परीक्षेत 'सरहद्द बंद झाली' एवढ्यावर थांबू नकोस. आधी रसद आटली, त्यातच लढायची पद्धत बदलली, असं लिही. अल्बेनियाचं दार तेव्हाही उघडंच होतं, उरलेले बंडखोर तिकडूनच निसटले. पण त्या दारानं ते परत आले नाहीत. त्यांची हत्यारं काढून घेतली गेली आणि हजारोंची रवानगी पार सोव्हिएत संघातल्या ताश्कंदला झाली. त्यातल्या पुष्कळांना गावाकडं परतायला तीसेक वर्षं लागली.

आमची आजी मात्र दिवाळीच्या आत घरी परतली. म्हैस तेवढी गेली होती.