जालन्याहून मोसंबी वाहतो, बोलेरो पिकअपला कोणती ट्यूनिंग चिप घ्यावी?

ओबीडी सॉकेटात (गाडीतला दोष तपासायचं यंत्र जोडायच्या खोबणीत) खोचायची स्वस्त चिप घेऊच नका. घ्यायचाच तर तुमच्याच इंजिनासाठी बनवलेला, रेल प्रेशर सेन्सरला (इंजिनातल्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला) जोडायचा ट्यूनिंग बॉक्स घ्या. मी डिझेल पंप-नोझलचं काम करतो. त्या स्वस्त चिपा उघडल्या की आत बहुधा लुकलुकणारा दिवाच निघतो. बॉक्स ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, डिझेलचा दाब कमी असल्याचं भासवतो, म्हणून डिझेल जास्त जातं आणि ओढ वाढते. नको वाटला तर काढून ठेवता येतो. पण गाडी बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) आणि वॉरंटीत असेल तर हात लावू नका. मे महिन्यात भरल्या गाडीनं मांजरसुंब्याचा घाट चढताना जास्तीचं डिझेल म्हणजे टर्बोला (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याला) जास्तीची उष्णता. आणि हो, आधी एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत ओढ तिथंच अडकलेली असते.